दाराबाहेरचा पाठिंबा

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या दुकानात एक नियम मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना सारखा होता. ‘काम चालू आहे’ हा बोर्ड ज्याने लावला, त्यानेच तो काढायचा. दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही, मग लिफ्टपाशी कितीही मोठा माणूस ताटकळत असो. या नियमामागे मालकांच्या डाव्या हाताची दोन बोटं होती. तरुणपणी ते लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले असताना इमारतीच्या रखवालदाराने चांगल्या मनाने बोर्ड उचलून भिंतीला टेकवून ठेवला आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. बोटं वाचली, पण पुन्हा कधी वळली नाहीत. नव्या मेकॅनिकला पहिल्या दिवशी हत्यारांच्या आधी ती बोटं दाखवली जात.

मालकांना एकच मुलगी. लहानपणी ती लिफ्टच्या पॅनलच्या खोक्यात मावायची, म्हणून तिचं नाव चिमी पडलं. आता ती बापापेक्षा उंच होती, तरी नाव तेच राहिलं. मेकॅनिक लोकांनी त्याला ‘ताई’ जोडून आदर केला होता. इंजिनियर होऊन ती दुकानातच लागली. सकाळी कुठला मेकॅनिक कुठल्या इमारतीत जाईल हे ती ठरवायची. तक्रारींचा फोन आत्याकडे असायचा. आत्या मालकांची धाकटी बहीण. अडकलेल्या लिफ्टमधून फोन आला की ती म्हणायची, “घाबरू नका. लिफ्ट कुठे जात नाही आणि तुम्हीही कुठे जात नाही. नाव सांगा, गप्पा मारू.” लोक खरोखर गप्पा मारत.

त्या आठवड्यात चिमीला बिझनेस स्कूलचं बोलावणं आलं. अर्ज पसंत पडला होता, आता मुलाखत. कॉलेजात येऊन द्या किंवा घरी स्क्रीनसमोर बसून द्या, दोन्हीला वजन सारखंच, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. काय ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. कॉलेज रेल्वेने पूर्ण दिवसाच्या अंतरावर होतं.

ही गोष्ट फक्त एका माणसाला ठाऊक होती, तिच्या आतेभावाला. तो त्याच कॉलेजातून शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागला होता. चिमी त्याच्याशी जिन्यात उभी राहून फोनवर बोलायची.

“तिथे जाऊन दे,” तो म्हणाला. “वर्गात बसायला देतात, मुलांशी बोलता येतं. राहायचं कुठे ते तरी कळेल.”

“फरक पडत नाही असं त्यांनीच लिहिलंय, दादा.”

“दातांचा डॉक्टरही म्हणतो, दुखणार नाही.”

“प्रवासात माझा घसा बसतो. मुलाखतीच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या लिफ्टची वार्षिक तपासणी आहे. आत्याची दाढ दुखतेय, फोन कोण घेणार?”

“कारणं झकास आहेत. एकेक काढून दाखवतेस, जादूगारासारखी. मामाचं काय?”

कारणं सगळी खरी होती, पण अडचण त्यांची नव्हती. दुकानातलं कुणीही न सांगता गावाबाहेर जात नसे. माणूस कुठे आहे हे दुकानाला माहीत असलंच पाहिजे, कारण लिफ्ट कधीही अडकते. कॉलेजात जायचं तर बापाला सांगावं लागणार होतं. स्क्रीनसमोर बसायचं तर नाही.

आणि बापाला सांगणं जड होतं. त्याच कॉलेजासाठी हा भाचा निघाला तेव्हा मालक त्याला स्टेशनवर सोडून आले आणि तडक एका इमारतीच्या मशीन रूममध्ये जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत खाली आले नाहीत. भाचा पुढे दुकान बघेल असं त्यांनी धरलं होतं, कधी बोलले नव्हते इतकंच. भाचा परत आला नाही. मग राहिली चिमी.

“तुझ्या आईला यातलं काही बोलू नकोस,” ती म्हणाली.

“वेड लागलंय का मला? तिला कळलं की प्रत्येक अडकलेल्या लिफ्टला कळेल.”

शनिवारी दुपारी चिमीने सराव ठेवला. मालक हॉस्पिटलच्या लिफ्टकडे गेले होते, मेकॅनिक आपापल्या कामांवर, आत्या दाढ काढायला. दुकानातली आतली खोली नकाशांची; गुंडाळलेल्या कागदांच्या भेंडोळ्यांनी भरलेली, त्यामुळे आवाज घुमत नसे. चिमी लॅपटॉप घेऊन आत शिरली आणि जाता जाता तिचा हात सवयीने खुंटीकडे गेला. तिने ‘काम चालू आहे’चा बोर्ड काढून दाराच्या कडीला अडकवला आणि दार लावून घेतलं.

आतेभावाने स्क्रीनवर टाय लावला होता. खाली अर्धी चड्डी होती, ती त्याने उठून मुद्दाम दाखवली, तिची भीती मोडावी म्हणून. मग तो परीक्षकाच्या आवाजात बोलायला लागला. दुकानात काय बदल केलेत? एखादी फसलेली गोष्ट सांगा. चिमी ठीक बोलत होती.

“घरचा धंदा आहे,” परीक्षक म्हणाला. “तुम्ही तो सोडून येताय. वडिलांना काय वाटतं?”

“त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे,” चिमी म्हणाली. “खरं तर अर्ज करायला त्यांनीच प्रोत्साहन दिलं.”

परीक्षकाचा भाऊ झाला. “मामा आणि प्रोत्साहन? लोणी कमी लाव, घसरशील.”

“मग काय सांगू? त्यांना पत्ताच नाही म्हणून?”

“नको. पण जरा खरं वाटेल असं सांग. आणि पुटपुटू नकोस, मोठ्याने.”

चिमीने पुन्हा सांगितलं. मग आणखी मोठ्याने. चौथ्यांदा का पाचव्यांदा ते वाक्य तेल घातलेल्या दारासारखं सरकलं: माझे वडील माझ्या पाठीशी भिंतीसारखे उभे आहेत.

“हे चालेल,” भाऊ म्हणाला.

ती दार उघडून बाहेर आली. भिंतीला लागून सुट्या भागांचं लाकडी खोकं होतं. त्यावर मालक बसले होते. हेल्मेट मांडीवर, शेजारी चहाचा पेला, चहावर जाड साय धरलेली.

“झालं काम?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग बोर्ड काढ. मला आत जायचंय.”

तिने बोर्ड काढला. मालकांनी आत जाऊन हॉस्पिटलच्या लिफ्टचा नकाशा शोधला, काखेत मारला, हेल्मेट घातलं आणि ते निघून गेले. पेला तसाच राहिला.

दुकानामागच्या स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. दाढ निघाली होती, गाल सुजला होता आणि तोंडात कापूस होता.

“बाबा कधीपासून बसले होते?” चिमीने विचारलं.

“मी आले तेव्हा बसलेलाच होता. मी चहा दिला. म्हटलं, दादा, दार ढकल की, दुकान तुझं, पोरगी तुझी. तर म्हणे, बोर्ड आहे.” आत्याने गाल धरला. “चहा प्यायला नाही तो. बघ आता.”

“तुला काही ऐकू आलं?”

“मला कापसातून ऐकू येत नाही,” आत्या म्हणाली आणि आत गेली.

रविवारभर मालक काही बोलले नाहीत. रागावलेलेही दिसले नाहीत. पंख्याला तेल घातलं, वर्तमानपत्र वाचलं, दुपारी झोपले. चिमीला वाटलं, त्यांनी एकदाचं ओरडावं. दोनदा ती बोलायला म्हणून त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि दोनदा भाजीचं विचारून उठली.

सोमवारी सकाळी कामं वाटून झाल्यावर मालक म्हणाले, “चल. ग्रंथालयाची लिफ्ट हिसका देतेय म्हणतात. बघून येऊ.”

हे काम ढापण्याचं होतं. ढापण्या म्हणजे दुकानातला सर्वांत जुना मेकॅनिक, बाटलीच्या बुडासारख्या भिंगांचा चष्मा लावणारा. त्याने मालकांकडे बघितलं, मग चिमीकडे बघितलं, आणि त्याला एकाएकी पेटीतले पाने पुसायचं काम आठवलं.

लिफ्ट बघायची मालकांची एक पद्धत होती. पॅनल उघडण्याआधी ते लिफ्टमध्ये पाठ टेकून उभे राहत, तळवा भिंतीवर ठेवत, डोळे मिटत आणि वर-खाली फिरत. फोनवर लोक काय वाटेल ते सांगतात, पायाला काय कळतं ते बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

ग्रंथालयाच्या लिफ्टमध्ये दोघं उभी राहिली. चिमीने सर्वांत वरचं बटण दाबलं.

“तिसऱ्यावर देते हिसका,” मालक डोळे मिटून म्हणाले.

“ब्रेक?”

“असेल. पुन्हा खाली घे.”

लिफ्ट खाली निघाली.

“माझा पूर्ण पाठिंबा आहे म्हणे,” मालक म्हणाले.

चिमी दारावरच्या आकड्यांकडे बघत राहिली.

“मला परवा कळलं. दाराबाहेर.”

“बाबा, ते—”

“प्रोत्साहनही दिलंय मी. कधी दिलं ते आठवत नाही. पण दिलं असेल, वय झालं.” त्यांनी अजून डोळे उघडले नव्हते. “भिंतीसारखा उभा आहे म्हणालीस. उभा नव्हतो. बसलो होतो. गुडघा दुखतो.”

“तुम्ही आत का नाही आलात?”

“बोर्ड होता.”

“आत काही काम चाललं नव्हतं, बाबा. सवयीने लावला मी.”

“काम नव्हतं? बाहेर आलीस तेव्हा घाम निथळत होता. ढापण्याला मोटर उतरवताना एवढा येत नाही.”

तळमजल्यावर दार उघडलं. बाहेर एक ग्रंथपाल बाई पुस्तकांची ढकलगाडी घेऊन उभ्या होत्या.

“बाई, पुढची घ्या,” मालक म्हणाले.

“एकच तर लिफ्ट आहे.”

“मग हीच घ्या, जरा वेळाने.”

दार मिटलं. बाईंचा अवाक चेहरा फटीआड जाईपर्यंत तसाच होता. चिमीने वरचं बटण दाबलं.

“मला एक सांग,” मालक म्हणाले आणि आता त्यांनी डोळे उघडले. “निळ्या शर्टवाल्यांचा यात काही संबंध नाही ना?”

निळे शर्टवाले म्हणजे नदीपलीकडची मोठी कंपनी. तिने दोन वर्षांत दुकानाची बरीच गिऱ्हाइकं उचलली होती आणि दोन मेकॅनिकही.

“त्यांचा कसा असेल?”

“महिनाभर जिन्यात जाऊन फोन घेतेस. कुणी आलं की बंद करतेस. मागे त्यांचा माणूस दुकानात आला होता, तेव्हा त्याला चहा दिलास.”

“चहा आत्याने दिला.”

“बशी तू आणलीस.”

चिमीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण लिफ्ट लहान होती आणि हसू दडवायला कोपरा नव्हता. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने हिसका दिला. मालकांनी तिच्याकडे बघितलं आणि मोठा सुस्कारा सोडला. महिनाभर धरून ठेवलेला असावा तसा.

“तू शाळेत चाललीस,” ते म्हणाले. “मी म्हटलं, ही नदीपलीकडे चालली. झोप उडाली होती माझी. शाळेत गेलेलं पोर परत येतं, नाही येत. पण समोरच्या दुकानात जाऊन बसलेलं रोज दिसतं.”

“तुम्ही विचारायचं तरी.”

“तू सांगायचं तरी.”

लिफ्ट वर पोचली. दार उघडलं, बाहेर कुणी नव्हतं, दार मिटलं. दोघांपैकी कुणी बटण दाबलं नाही.

“दादा गेला तेव्हा तुम्ही मशीन रूममध्ये जाऊन बसला होता,” चिमी म्हणाली.

“कोण म्हणतं?”

“आत्या.”

“त्या दिवशी तिथे काम होतं.” मालकांनी भिंतीवरचा तळवा काढून पँटला पुसला. “थोडं होतं.”

मग त्यांनी विचारलं, “परत येशील?”

हा प्रश्न सरावात नव्हता. “माहीत नाही, बाबा,” ती म्हणाली.

मालकांनी मान हलवली. उत्तर आवडलं म्हणून नव्हे. मोजमाप कळल्यावर हलवतात तशी. “बरं. जायचं कधी?”

“जायचं नाही. स्क्रीनवरूनच देते. आज कळवायचंय. दोन्हीचं वजन सारखंच म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“तेच. कॉलेजवाले.”

“आपल्याला बिल्डर सांगतो, खड्डा कोरडा आहे, या आणि लिफ्ट बसवा. बसवतो आपण?”

“नाही.”

“काय करतो?”

“उतरून बघतो.”

“मग?”

“बाबा, ते मला तपासणार आहेत. मी त्यांना नाही.”

“दोघं एकमेकांना तपासा. कोण अडवतंय? दोन वर्षं राहणार तिथे. पायाला काही कळायला नको?”

“हॉस्पिटलची तपासणी आहे त्याच आठवड्यात.”

“ती मी तुझ्या जन्माआधीपासून करतोय. आता खाली घे. त्या बाई आपल्या नावाने खडे फोडत असतील.”

ग्रंथालयाच्या पायरीवर बसून चिमीने कॉलेजला कळवलं: येते. फोन खिशात टाकला. आतून मालकांचा आवाज येत होता. ते ग्रंथपाल बाईंना ब्रेकची पट्टी दाखवून समजावत होते आणि बाई दोन्ही हातांत पुस्तकं धरून ऐकत होत्या. लिफ्टच्या दारावर त्यांनी बोर्ड लावला होता.

दुकानात आल्यावर चिमीने आत्याला सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं.

“मला शुक्रवारीच कळलं होतं,” ती म्हणाली. “माझा पोरगा फोनवर ‘आई, कशी आहेस’ म्हणाला. तो असं विचारायला लागला की समजायचं, काहीतरी लपवतोय. तुला त्यानेच शिकवलं ना? म्हणजे पहिल्याच प्रश्नाला आडवी होणार. चल, मी विचारते. समज मी लिफ्टमध्ये अडकलेय. मला धीर दे.”

“असं विचारत नाहीत, आत्या.”

“मग काय उपयोग त्या कॉलेजचा?”

कॉलेज काचेचं आणि विटांचं होतं. चिमीने आदल्या दिवशी पोचून सगळं बघितलं. एका वर्गात मागच्या बाकावर बसली. शिक्षक चांगले होते, आणि दोन मुलं झोपली होती, हेही तिने बघून ठेवलं. खानावळीत एका मुलीने तिला आपल्या टेबलावर बोलावलं आणि इथे काय वाईट आहे ते जेवण संपेपर्यंत सांगितलं. त्याने चिमीला बरं वाटलं. खड्ड्यात पाणी कुठून येतं ते आधीच कळलेलं बरं.

मुलाखत चौथ्या मजल्यावर होती. लिफ्टच्या दारावर बोर्ड होता. दार अर्धवट उघडं दिसत होतं, आणि सूट घातलेला एक उमेदवार बोर्ड बाजूला सारून आत डोकावायच्या बेतात होता.

“त्याला हात लावू नका,” चिमी म्हणाली. “आत माणूस आहे.”

“तुम्हाला काय माहीत?”

“आहे, आहे,” खालून खड्ड्यातून आवाज आला.

उमेदवाराने हात मागे घेतला. दोघं जिन्याने वर गेली. तो धापा टाकत होता. चिमीला जिन्यांची सवय होती.

परीक्षक एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं. दुकानाबद्दल, फसलेल्या गोष्टीबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, “एवढ्या लांब यायची गरज नव्हती. आम्ही लिहिलं होतं तसं.”

“वाचलं होतं,” चिमी म्हणाली. “पण आमच्याकडे खड्डा उतरून बघितल्याशिवाय लिफ्ट बसवत नाहीत.”

बाईंना ते नीट समजावून सांगावं लागलं. त्यांनी ते सगळं ऐकलं, ओल कशी ओळखायची तेही. मग त्यांनी विचारलं, “आणि वडील? त्यांना काय वाटतं तुम्ही हे सोडून आलात तर?”

तेल घातलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. चिमीने ते जाऊ दिलं.

“त्यांना नुकतंच कळलं,” ती म्हणाली. “दाराबाहेर बसून.” आणि बोर्डाची, खोक्याची, सायीची गोष्ट तिने जशी घडली तशी सांगितली. निळे शर्ट तेवढे वगळले.

बाई मध्येच हसत चष्मा काढून डोळे टिपायला लागल्या. “मग आता पाठिंबा आहे?”

“आहे. पूर्ण आहे का ते विचारलं नाही.”

खाली उतरून तिने दुकानात फोन लावला. नेहमी आत्या उचलते तो फोन मालकांनी उचलला.

“खड्डा कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“कोरडा आहे. एका बाजूला थोडी ओल आहे, पण चालेल.”

“बोललीस नीट?”

“बोलले. घसा पण बसला नाही.”

“घेतील?”

“ते नंतर कळवतील. पण मला बरं वाटतंय, बाबा.”

“हं.” मागे आत्या दुसऱ्या फोनवर कुणालातरी धीर देत होती. “तिथे लिफ्ट कुणाची आहे?”

“निळ्या शर्टवाल्यांची.”

“चालते कशी?”

“बंद आहे. मी आले तेव्हापासून.”

मग मालकांनी फोन तोंडापासून लांब धरल्याचं कळलं. “बंद आहे म्हणते,” ते कुणालातरी सांगत होते. ढापण्याचं हसणं आलं, मग आत्याचं, मग आणखी एकदोघांचं, आणि सगळ्यांत शेवटी मालकांचं. ते बराच वेळ चाललं. चिमी कॉलेजच्या पायरीवर फोन कानाला लावून बसली आणि ऐकत राहिली.

मालक परत फोनवर आले. घसा खाकरला.

“बोर्ड लावला होता ना त्यांनी?”

“लावला होता.”

“मग ठीक आहे,” मालक म्हणाले.